कॅसेटवाला व्हिडिओ गेम : ‘आयसी गेली’ म्हणण्याआधी पडदा वाचा

जिंतूरहून एका भाऊंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम सापडला. अडॅप्टर हरवलंय म्हणून वायफाय राऊटरचं १२ व्होल्टचं लावलं. लाल दिवा लागतो. पिवळ्या वायरीनं घरातल्या एलईडी टीव्हीला जोडल्यावर एका कॅसेटवर नुसता राखाडी पडदा येतो. दुसरीवर संगीत नीट वाजतं, पण अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. जे काही चालतं तेही दहा-बारा मिनिटांत जागच्या जागी गोठतं. फुंकरा मारून झाल्या. गावातल्या दुकानदारानं हातात न घेताच सांगितलं, “आयसी (म्हणजे मुख्य चिप) गेली, भंगारात द्या.” आणि शेवटचं वाक्य : मुलीला बंदुकीनं बदकं पाडून दाखवायची आहेत.

भाऊ, मी परभणीत तीस वर्षं टीव्ही, टेप आणि असले गेम दुरुस्त करतोय. तुम्ही प्रश्न ‘गेम बिघडलाय, काय करू?’ असा विचारलाय. मला मात्र त्यात एकात एक मिसळलेले तीन वेगळे बिघाड दिसतात. राखाडी पडद्याचं कारण वेगळं, फाटक्या अक्षरांचं वेगळं आणि गोठण्याचं वेगळं. तिन्ही एकदम सोडवायला गेलं की माणूस गोंधळतो आणि मग ‘आयसी गेली’ हे उत्तर सोपं वाटायला लागतं. माझ्या टेबलावर आलेल्या अशा सेटांपैकी खरोखर आयसी गेलेले फार थोडे होते. बाकीच्यांत अडॅप्टर, कॅसेटचं तोंड, कॅसेट जिथं बसते ती खाच, तुटकी वायर किंवा ड्राय सोल्डर (म्हणजे बोर्डावरचा सुटलेला टाका), यांतलंच काहीतरी निघायचं.

आधी सेट कोणता ते ठरवू, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. कॅसेटच्या तोंडावरच्या पट्ट्या मोजा. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, म्हणजे एकूण ६० असतील तर तुमचा सेट निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या घराण्यातला आहे. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला आणि आपल्याकडे घराघरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. ३६-३६ पट्ट्या असतील तर तो एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचंच अमेरिकेतलं रूप, आणि ३२-३२ असतील तर सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या जातीचा. बदकांचा गेम म्हणताय त्यावरून मी ६० पिनांचा धरून पुढे लिहितो.

मूळ फॅमिकॉममध्ये प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी आणि स्मृतीच्या चिपा वेगळ्या असायच्या. आपल्याकडच्या नकलांमध्ये हे सगळं एका काळ्या डांबरी टिपक्याखाली दडवलेलं असतं. सेट उघडलात तर बोर्डाच्या मधोमध रुपयाएवढा काळा थेंब दिसेल, तोच तो. त्याला हात लावायचा नाही. तो खरंच गेला तर दुरुस्ती नाही, दुसऱ्या सेटचा बोर्डच टाकावा लागतो. पण तो गेलाय का, हे न उघडताही बरंचसं कळतं.

कॅसेट काढून ठेवा आणि रिकामा सेट सुरू करा. काही नकलांमध्ये पाच-पन्नास गेम आतच भरलेले असतात. तसा तुमचा असेल आणि आतला गेम नीट चालला तर टिपका ठणठणीत आहे, दुखणं खाचेत किंवा कॅसेटमध्ये आहे. आत गेम नसतील तर पडद्यावर एखादा सपाट रंग किंवा स्थिर नक्षी यायला हवी. ती आली म्हणजे चित्र काढणारा भाग तरी जिवंत आहे. तुमच्या दुसऱ्या कॅसेटवर संगीत वाजतं म्हणजे प्रोसेसर कार्यक्रम वाचतोय आणि पावलं टाकतोय. मेलेल्या आयसीतून संगीत निघत नाही. दुकानदाराचं निदान तुमच्याच वर्णनानं खोटं ठरलंय.

आता अडॅप्टर. सेट हातात घेतला की मी सगळ्यात आधी अडॅप्टर मागतो आणि ही सवय मला एका चुकीनं लावली. नव्वदच्या दशकातला मे महिना होता. परभणीत पत्र्याच्या दुकानात दुपारी बसवत नाही असं ऊन. एक आठवी-नववीतला पोरगा पिशवीत गेम घेऊन आला. “काका, चालूच व्हायना झालाय.” मी उघडला, व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर जळालेला दिसला, नवा घातला, माझ्या टेबलावरच्या सप्लायवर चालवून दाखवला आणि पैसे घेतले. तासाभरात पोरगा परत आला. नवा रेग्युलेटरही गेला होता, शिवाय बाजूचा कंडेन्सर फुगून वर आला होता. तेव्हा कुठं मी विचारलं, घरी कशावर लावतोस? त्यानं त्याचा एलिमिनेटर, म्हणजे तेव्हाचं अडॅप्टर, आणून दाखवला. तुम्हालाही आठवत असेल : ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ असे आकडे असलेला फिरता खटका, पुढं चार तोंडांची फांदी आणि बाजूला नखानं सरकवायचं एक बारकं बटण, ज्यावर अधिक-उणे कोरलेलं असतं. ते बटण उलट्या बाजूला सरकलेलं होतं. दुसऱ्या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत, घेणं बरोबर नव्हतं. अडॅप्टर बघायचं काम माझं होतं.

मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतं आणि त्याच्या पिनेत मधोमध उणे, बाहेर अधिक असतं. आजच्या राऊटरच्या अडॅप्टरमध्ये बहुधा नेमकं उलटं, मधोमध अधिक. नकला करणाऱ्यांनी कुणी मूळची रचना उचलली, कुणी बदलली. म्हणून ‘पिन बसली म्हणजे चालतं’ हा हिशेब इथं महागात पडतो. सेटच्या पोटावर दोन अर्धवर्तुळं आणि अधिक-उण्याची खूण असते, ती बघा. खूण पुसली असेल तर अडॅप्टर न लावता मल्टिमीटर जोडणी तपासायच्या बीपवर ठेवा. एक टोक पिवळ्या एव्ही सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला टेकवा, ते कडं म्हणजे सेटचं उणे. दुसरं टोक अडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या काडीला लावा. बीप वाजला तर मधोमध उणे. नाही वाजला तर भोकातल्या बाहेरच्या पत्र्याला लावून बघा, तिथं वाजला तर मधोमध अधिक. दोन्हीकडे वाजला नाही तर आत चार डायोडांचा पूल असण्याची शक्यता आहे आणि तसा पूल असेल तर उलटसुलट लागूनही नुकसान होत नाही. तुमचा दिवा लागला, संगीत वाजलं, म्हणजे तुमच्याकडे दिशा जुळलेली आहे.

व्होल्टेजचं मात्र जुळलेलं नाही. तुमचं गोठणं मला तिथंच सुरू होताना दिसतं. सेटच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. बाहेरून काहीही येवो, आतल्या बोर्डाला तो ५ व्होल्ट देतो आणि वरचं सगळं उष्णता करून फेकतो. ९ व्होल्ट दिले तर ४ व्होल्ट फेकायचे. सेट ०.३ अँपिअर घेतो असं धरलं तर १.२ वॉट झाले. १२ व्होल्ट दिले तर ७ व्होल्ट फेकायचे, म्हणजे २.१ वॉट, जवळपास पावणेदोन पट उष्णता. नकलांमध्ये रेग्युलेटरच्या पाठीला पत्र्याचा एवढासा तुकडा असतो, कधी तोही नसतो. वर आपल्याकडची हवा. ४२ अंशाला पंख्याखाली माणूस बसत नाही, तिथं बंद डब्यातल्या रेग्युलेटरनं काय करावं? तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतो, ५ चे ४ होतात आणि प्रोसेसर जागीच थांबतो. लाल दिव्याला दोनेक व्होल्ट पुरतात, त्यामुळे तो जळतच राहतो. दिवा म्हणजे सप्लाय ठीक, असं म्हणूनच धरायचं नाही.

९ व्होल्ट डीसीचं, ५०० मिलिअँपिअर किंवा त्याहून मोठं अडॅप्टर घ्या. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, सेट हवं तेवढंच घेतो. जुन्या पद्धतीचं जड, ट्रान्सफॉर्मरवालं मिळालं तर मोकळं मोजल्यावर ते १२-१३ व्होल्ट दाखवेल, घाबरू नका, सेट जोडल्यावर उतरतं. फक्त त्याच्यातला कंडेन्सर वाळलेला असला तर पडद्यावर फिकट आडव्या सावल्या सावकाश वर किंवा खाली सरकत राहतात. हे लक्षण दिसलं तर दोष अडॅप्टरचा, गेमचा नाही. अमेरिकेहून कुणी एनईएसचं अडॅप्टर आणून दिलं असेल तर ते बाजूलाच ठेवा. त्यातून ९ व्होल्ट एसी येतं आणि फॅमिकॉमच्या जातीला ते मारतं.

तरीही गोठणं उष्णतेमुळंच आहे, असं मी इथं बसून छातीठोक म्हणणार नाही. ते असं ठरवा. झाकण काढा, मीटरचं काळं टोक ७८०५ च्या मधल्या पायाला आणि लाल टोक उजव्या पायाला धरा. लिहिलेली बाजू आपल्याकडे असताना डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला उण्याचा, उजवा बाहेर जाणाऱ्या ५ व्होल्टचा. आकडा ४.८ ते ५.२ च्या मध्ये असायला हवा. आता गेम चालू ठेवा आणि गोठण्याची वाट बघा. गोठताना आकडा घसरला तर रेग्युलेटर किंवा अडॅप्टर. आकडा जागेवर राहिला आणि तरी गोठला तर कुठंतरी ड्राय सोल्डर असण्याची शक्यता जास्त, जो गरम झाल्यावर जराशी फट सोडतो. अशा वेळी दोन मोजण्या न करता बोर्डावर सोल्डर फिरवत सुटणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता सलाइन लावणं.

आता कॅसेट. उत्तराचा खरा गाभा इथं आहे.

कॅसेटच्या ६० पट्ट्या म्हणजे मुख्यतः दोन स्वतंत्र रस्ते. एका रस्त्यानं प्रोसेसर गेमचा कार्यक्रम वाचतो : मारिओनं कधी उडी मारायची, संगीत कोणतं वाजवायचं, गोळी लागली की नाही. दुसऱ्या रस्त्यानं चित्राची चिप नक्षीचे ठोकळे वाचते : विटा, ढग, अक्षरं, मारिओची टोपी. दोन्ही रस्त्यांना आपापल्या पत्त्याच्या लाइनी (कुठलं वाचायचं ते सांगणाऱ्या) आणि आपापल्या ८-८ डेटा लाइनी (वाचलेलं आणणाऱ्या). उरलेल्यांत वीज, उणे आणि किरकोळ इशारे. हे एकदा डोक्यात बसलं की पडदा तुमच्याशी बोलायला लागतो.

राखाडी, हिरवा, कुठलाही सपाट पडदा आणि आवाज नाही : पहिला रस्ता तुटलाय. प्रोसेसरला पहिलीच सूचना वाचता आली नाही. संगीत बरोबर, चालही बरोबर, पण चित्र फाटकं : पहिला रस्ता शाबूत, दुसऱ्यावरच्या एक-दोन पट्ट्या मळलेल्या. तुमच्या दोन कॅसेटांचं निदान इथंच झालं. दोघींचं तोंड मळलंय, फक्त मळ वेगवेगळ्या रस्त्याच्या पट्ट्यांवर बसलाय.

फाटक्या अक्षरांकडे जरा जवळून बघा, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून. या गेमचा पडदा आडवा २५६ ठिपक्यांचा असतो आणि चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी रचलेलं असतं, म्हणजे एका ओळीत ३२ चौकटी. प्रत्येक चौकटीच्या एका ओळीचे ८ ठिपके चिपला ८ डेटा लाइनींवरून एकदम मिळतात, एका लाइनीला एक ठिपका. त्यातली एक लाइन तुटली तर काय दिसेल? प्रत्येक अक्षरात, प्रत्येक विटेत, नेमक्या त्याच जागी एक उभी रेघ. दर आठ ठिपक्यांनी तीच रेघ, कंगव्याच्या दातांसारखी. अशी रेघ दिसली तर एकच पट्टी शोधायची आहे हे समजा. रेघ नाही, पण अक्षरं जागच्या जागी असून भलतीच आहेत, ‘स्टार्ट’च्या जागी विटांचे तुकडे आहेत, तर चित्राच्या रस्त्यावरची पत्त्याची लाइन तुटली आहे : चिप बरोबर खोली मागते आणि तिला शेजारची उघडून मिळते. गिऱ्हाईक “काका, नुसत्या पट्ट्याच यायल्यात” म्हणतं तेव्हा मी आधी विचारतो, उभ्या की आडव्या, आणि सारख्या अंतरावर का. उत्तर आलं की निम्मं काम झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट माझ्या आवडीची आहे. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज थेट टीव्हीकडे जात नाही. तो ४५ क्रमांकाच्या पिनेतून कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ मधून परत येतो, म्हणजे एखाद्या कॅसेटला स्वतःचा जादा आवाज मिसळायचा असेल तर मिसळता यावा. साध्या कॅसेटमध्ये या दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. ही रचना उचललेल्या नकलेत चित्र स्वच्छ आणि आवाज गायब असेल तर वायरी बदलत बसण्याआधी कॅसेटचं तोंड पुसून बघा.

फुंकरेबद्दल. आपण सगळ्यांनीच मारली आहे आणि लागूही पडायची, हे मी नाकारत नाही. पण लागू पडायचं ते कॅसेट काढून परत खोचण्यामुळं. खोचताना खाचेतल्या पिना पट्ट्यांवर घासतात आणि मळाचा थर जरा खरवडला जातो. फुंकरेतून जाते ती थुंकीची वाफ. ती तांब्याला लागते, वर्षभरानं त्याच जागी हिरवट-काळा डाग तयार होतो. तुमच्या कॅसेटा वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढून आल्यात. काळ्या मातीची बारीक धूळ, त्यात पावसाळी ओल, म्हणजे पट्टीवर पक्का थर. फुंकरेनं तो जाणार नाही.

मेडिकलमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं. घरातलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं, शिवाय ग्लिसरीन आणि वास मिसळलेला असतो. रॉकेल तेलकट थर सोडतं. थिनर प्लॅस्टिक खातं. कान साफ करायची कापसाची काडी अल्कोहोलात बुडवून पट्ट्यांवरून लांबीच्या दिशेनं ओढा, आडवी घासू नका. पहिली काडी काजळासारखी काळी निघेल. दुसरी तपकिरी, तिसरी मळकट. काडी पांढरी राहीपर्यंत थांबायचं नाही आणि कॅसेटची मागची बाजू विसरायची नाही, पट्ट्या दोन्हीकडे असतात. डाग हट्टी असेल तर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झटका, परत अल्कोहोल. शाईचं खरखरीत खोडरबर नको आणि पॉलिश पेपर तर मुळीच नको. पट्टीवरचा मुलामा केसाहूनही पातळ असतो. पॉलिश पेपरनं घासलेली कॅसेट पहिले आठ दिवस झकास चालते आणि मग दर महिन्याला रुसते, कारण उघडं पडलेलं तांबं फार लवकर काळवंडतं.

आता खाच. कॅसेट चकचकीत करून मळक्या खाचेत घातली तर मळ परत चढतो. जुनं एटीएम कार्ड कॅसेटच्या तोंडातल्या पट्ट्यांच्या पाटीपेक्षा जरा पातळ असतं. त्याला धागे न सुटणारं सुती कापड एकपदरी गुंडाळा, अल्कोहोलानं ओलसर करा, निथळतं नको, आणि सेट बंद, अडॅप्टर काढलेलं, अशा अवस्थेत दहा-बारा वेळा सरळ आत-बाहेर करा. कापड बदला, परत करा. अर्धा तास वाळू द्या. टाचणी घालून पिना वाकवण्याचा मोह टाळा. एक पिन शेजारणीला चिकटली तर वीज आणि डेटा एकत्र येतील आणि मग खरंच आयसी जाईल. टॉर्च मारून मात्र खाचेत बघा. सेलूहून आलेल्या एका सेटच्या खाचेखाली झुरळांची अंडी निघाली होती, अख्खी रांग. उबदार, अंधारी जागा त्यांना आवडते. तुमचा सेट इतकी वर्षं माळ्यावर होता, म्हणून सांगतो.

एवढं करूनही चित्र फाटकं राहिलं तर गेम चालू असताना कॅसेटला बोटानं अगदी हलकं पुढं-मागं दाबा, उपसायची नाही. चित्र बदललं तर खाचेची पकड सैल आहे किंवा खाचेचे पाय बोर्डावर निखळलेत. दोन्हींतलं कोणतं? झाकण काढून आइस्क्रीमच्या लाकडी काडीनं कॅसेटला न शिवता खाचेचा प्लॅस्टिकचा ठोकळा दाबा. त्यानंही चित्र बदललं तर पायांचं सोल्डर तडकलेलं असण्याची शक्यता जास्त. पोरांनी वर्षानुवर्षं कॅसेट दणक्यानं बसवलेली असते, तो सगळा जोर त्या ६० टाक्यांवर येतो. बोर्ड उलटा करून भिंगातून बघा, तडकलेल्या टाक्याभोवती बारीक गोल रेघ दिसते. २५ वॉटची सोल्डरिंग गन, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप), एका टाक्याला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. नकलांचे बोर्ड कागदी असतात, जास्त तापलं की तांब्याची पट्टी सालीसारखी सुटून येते. हाताला सवय नसेल तर हे काम तुम्ही करू नका, परभणी-नांदेडला टीव्हीचं काम करणारा कुणीही जाणता माणूस तासाभरात करून देईल. त्याला ‘गेम दुरुस्त करा’ म्हणू नका, ‘खाचेचे साठ टाके परत मारून द्या’ म्हणा. काम नेमकं सांगितलं की नाही म्हणत नाहीत.

टीव्हीच्या बाजूचं तुमचं बरंच सुटलेलं आहे, कारण चित्र येतंय. पण हेच वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणत असेल तर त्याच्यासाठी दोन-तीन गोष्टी. नव्या टीव्हीत पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांऐवजी एकच बारीक भोक असतं आणि त्याच्या जोडवायरीतले तारांचे क्रम कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून पिवळी पिन आळीपाळीनं तिन्ही तोंडांत लावून बघा. चित्र काळंपांढरं आलं तर टीव्हीच्या मेनूत रंगाची पद्धत पाल आणि एनटीएससी अशी दोन्ही करून बघा. काही नव्या टीव्हींना हा सिग्नलच कळत नाही : आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत यायचं, तर हा गेम सुमारे ३१२ रेषांची एकच फेरी पुन्हा पुन्हा पाठवतो. तशा टीव्हीवर गेममध्ये कितीही दुरुस्ती करून उपयोग नाही, दुसरा टीव्ही लावून बघावा. अँटिनाच्या वायरीनं जोडत असाल आणि चित्र स्वच्छ, पण आवाजाच्या जागी खरखर असेल तर टीव्हीच्या ध्वनीच्या मेनूत बीजी, डीके, आय असे पर्याय बघा. जुन्या अँटिनाच्या प्रसारणात आपल्याकडे चित्र आणि आवाज यांच्यात ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असायचं, चीनमध्ये ६.५, हाँगकाँगमध्ये ६. सेट तिकडच्या बाजारासाठी बनलेला असला की आवाज हुकतो.

पॅडबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या डबीबद्दल, तुम्ही लिहिलं नाही, पण उद्या तेही लागेल. साध्या पॅडला पाच तारा पुरतात : वीज, उणे आणि तीन इशाऱ्यांच्या. आठही बटणांची खबर एकाच तारेवरून एकामागोमाग एक जाते. म्हणून एकच बटण चालत नसेल तर त्याच्याखालचं काळं रबर किंवा बोर्डावरची जागा मळली आहे, अल्कोहोलानं पुसा. सगळीच बटणं मेली असतील तर वायर तुटली आहे आणि ती नव्वद टक्के पॅडच्या मानेपाशीच तुटते, जिथं पोरं ओढतात. दोन इंच कापून परत जोडली की झालं.

राहिली बंदूक. इथं मला तुम्हाला नाराज करावं लागतंय. घोडा ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे, त्यानं त्याच क्षणी उजेड पाहिला तर बदक पडतं. जुन्या काचेच्या टीव्हीवर किरण रेषेमागून रेषा काढत जातो, चित्र तिथल्या तिथं उमटतं आणि बंदुकीचा डोळा त्याच लुकलुकण्याला लावलेला असतो. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, घोटतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते आणि तशी लुकलुकही त्याच्यात नसते. बंदूक निरोगी असली तरी एलईडीवर बदक पडणार नाही. त्यासाठी १४ इंची, चालू, काचेचा जुना टीव्ही शोधा. जिंतुरात कुणाच्या तरी माळ्यावर असेलच, भंगारवाल्याकडेही मिळतो. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका, आतल्या नळीवर बंद केल्यानंतरही जिवावर बेतेल असा भार राहू शकतो.

आता क्रम. आज कॅसेट नाही, खाच नाही, काही नाही : ९ व्होल्टचं अडॅप्टर, दिशा मोजून. ते लावल्यावर गोठण्याची वेळ दहा मिनिटांवरून कुठं जाते ते घड्याळ लावून बघा. उद्या ज्या कॅसेटवर संगीत येतं ती आधी साफ करा, कारण ती बरी होण्याच्या जास्त जवळ आहे आणि ती चालली की खाच ठीक आहे हेही कळतं. राखाडीवाली त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पडदा बघा.

आणि मला तीन गोष्टी कळवा : रिकाम्या सेटवर पडद्यावर काय येतं, ७८०५ च्या उजव्या पायावर गार असताना आणि गोठताना किती व्होल्ट, आणि फाटक्या अक्षरांत ती उभी रेघ दर आठ ठिपक्यांनी येते की नाही. पडद्याचा एक जवळून फोटोही काढून ठेवा. रेघ असेल तर कोणती पट्टी बघायची ते मी सांगतो.